रडीचा डाव आणि दंडाची पावती

नेरुळच्या एका मैदानावर दर डिसेंबरात आम्ही काही पालक मिळून चौदा वर्षांखालील मुलांची फुटबॉल स्पर्धा भरवतो. तीन वर्षांपूर्वीच्या उपांत्य सामन्यात एका अकादमीच्या मधल्या फळीत असा एक मुलगा खेळत होता, की त्याच्या वरच्या ओठावर वस्तऱ्याच्या ताज्या खुणा लांबूनही दिसत होत्या. आधार कार्डावरची जन्मतारीख नियमात बसत होती. शाळेच्या दाखल्यावरची मात्र दोन वर्षे आधीची निघाली, आणि ती निघेपर्यंत सामना ३-१ असा संपला होता. मांडवात समिती बसली. संघ बाद करावा असे दोघांचे म्हणणे होते. प्रशिक्षक हात जोडून उभे राहिले : "बाकीच्या पोरांनी काय पाप केलंय, साहेब?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सौम्य शिक्षेच्या बाजूने मत दिले. पाच हजार रुपये दंड, त्या मुलाला अंतिम सामन्यात मनाई, निकाल कायम. प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून पैसे भरले आणि जाता जाता विचारले, "पावती मिळेल ना? अकादमीच्या हिशेबाला लावायची आहे." पावती मीच फाडून दिली. तो संघ पुढे अंतिम सामनाही जिंकला, आणि उपांत्य फेरीत हरलेल्या कोपरखैरण्याच्या मुलांनी पुढच्या वर्षी स्पर्धेत नाव घातले नाही.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये फसवणूक करणाऱ्या संघांना कठोर शिक्षा द्यावी की नाही, या प्रश्नाचा विचार करताना मला दर वेळी ती पावती आठवते. हिशेबाला लावता येते ती शिक्षा नव्हे, तो खर्च होय. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या क्लबांच्या बाबतीतही नेमके हेच घडते. फरक एवढाच, की तिथली पावती मोठी असते.

आधी एक भेद केला पाहिजे. खेळाच्या ओघात एखादा खेळाडू पेनल्टी मिळावी म्हणून स्वतःला झोकून देतो, किंवा २०१० च्या विश्वचषकात उरुग्वेच्या लुईस सुआरेझने घानाविरुद्ध शेवटच्या क्षणी केले तसा गोलरेषेवरचा चेंडू हाताने अडवतो, हा अपराध आहेच. पण त्याचा न्याय मैदानावर पंच करतो, लाल कार्ड निघते, पेनल्टी दिली जाते. (ती पेनल्टी घानाने वाया घालवली, हे पंचाचे पाप नव्हे.) माझा रोख आहे तो कार्यालयात बसून, थंड डोक्याने, वकील आणि हिशेबनीस यांच्या साक्षीने केलेल्या फसवणुकीवर : सामना विकत घेणे, पंचांच्या नेमणुका फिरवणे, खोटे करार दाखवून खेळाडू उतरवणे, पैशाचे खरे मूळ लपवणे. ही फसवणूक संघ म्हणून होते, म्हणून तिची शिक्षाही संघाला व्हावी, असे मला वाटते.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते ते वेस्ट हॅमचे प्रकरण. ऑगस्ट २००६ च्या शेवटच्या दिवशी लंडनच्या या क्लबने कार्लोस तेवेझ आणि हाविएर मास्चेरानो हे दोन अर्जेंटिनी खेळाडू घेतले. त्यांच्या हक्कांवर बाहेरच्या कंपन्यांची मालकी होती आणि त्यासंबंधीचे करार क्लबने प्रीमियर लीगपासून, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या व्यवस्थापनापासून, लपवले. प्रकरण उघडकीस आले, चौकशी आयोग बसला आणि २७ एप्रिल २००७ रोजी निकाल लागला : ५५ लाख पौंड दंड. गुण मात्र एकही कापला नाही. हंगाम संपत आला असताना गुण कापणे अन्यायाचे ठरेल, क्लबचे मालक आता बदललेले आहेत, क्लबने चूक कबूल केली आहे, आणि चाहत्यांनी तर काहीच केलेले नाही, अशी कारणे दिली गेली. दुसऱ्याच दिवशी वेस्ट हॅमने विगनला ३-० असे हरवले. १३ मे रोजी, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर त्यांनी १-० असा विजय मिळवला आणि तो एकमेव गोल तेवेझचाच होता.

अंतिम गुणतक्ता डोळ्यांखालून घालण्यासारखा आहे. तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात, आणि गुण समान असले तर गोलफरक, म्हणजे केलेले गोल वजा खाल्लेले गोल, पाहिला जातो. वेस्ट हॅम ४१ गुण, विगन ३८, शेफील्ड युनायटेड ३८. गोलफरकात विगन उणे २२ आणि शेफील्ड उणे २३, म्हणजे एका गोलने शेफील्ड खालच्या श्रेणीत गेले. वेस्ट हॅमचा गोलफरक उणे २४ होता. आयोगाने फक्त तीन गुण, केवळ एका विजयाचे गुण, कापले असते तर तिन्ही संघांचे गुण समान झाले असते आणि खाली गेले असते ते वेस्ट हॅम. अव्वल श्रेणीतली जागा टिकली की दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणारे उत्पन्न टिकते, आणि ते या दंडाच्या कित्येक पट होते. शेफील्डने पुढे लवादाकडे दाद मागितली; २००९ मध्ये दोन क्लबांत तडजोड झाली आणि वेस्ट हॅमने सुमारे २ कोटी पौंड देण्याचे मान्य केल्याची वृत्ते आली. पैसे मिळाले, पण शेफील्ड युनायटेड प्रीमियर लीगमध्ये परतले ते थेट २०१९ मध्ये. २००७ साली शाळेत पहिलीला असलेला तिथला मुलगा तोवर मतदार झाला होता.

'चाहत्यांचा काय दोष' हा युक्तिवाद मला म्हणूनच अर्धवट वाटतो. तो नेहमी फसवणाऱ्या क्लबच्याच चाहत्यांविषयी केला जातो. शेफील्डच्या चाहत्यांचा काय दोष होता, हे कोणी विचारले नाही. आणि नेरुळच्या मांडवात कोपरखैरण्याच्या मुलांविषयी मीही विचारले नव्हते, कारण ती मुले तोवर बसमध्ये बसून निघून गेली होती. समोर हात जोडून उभा असलेला दिसतो, गेलेला दिसत नाही. शिक्षा सौम्य केली म्हणजे निरपराधांचे नुकसान टळते असे नाही. ते एका निरपराध गटाकडून दुसऱ्या निरपराध गटाकडे सरकते, आणि ज्याच्याकडे सरकते त्याचा त्या फसवणुकीतून काडीचाही फायदा झालेला नसतो.

तरीही सामूहिक शिक्षेचे चटके खोटे आहेत असे मी म्हणणार नाही, कारण ते आपल्या दारापर्यंत येऊन गेले आहेत. ऑगस्ट २०२२ च्या मध्यावर फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला बाहेरच्यांच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केले. हे प्रकरण फसवणुकीचे नव्हते, कारभाराचे होते. पण शिक्षेचे स्वरूप तेच होते, अपराध वरच्यांचा आणि भोग खालच्यांचे. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक, ज्याचा अंतिम सामना आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ठरलेला होता, तो भारताच्या हातून जाण्याची वेळ आली. अकरा दिवसांत निलंबन उठले, विश्वचषक झाला आणि ३० ऑक्टोबरला स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून तो जिंकला. मात्र त्या अकरा दिवसांत गोकुळम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या होत्या आणि एकही सामना न खेळता परतल्या. विश्वचषक वाचला, त्या मुलींची ती स्पर्धा मात्र गेली. कठोर शिक्षेचा पुरस्कार करणाऱ्याने ताश्कंदच्या त्या हॉटेलातल्या मुलींकडे पाहूनच तो करावा.

मग त्याच तराजूत पॅरिस ऑलिंपिकचे प्रकरणही टाकून पाहू. जुलै २०२४ मध्ये कॅनडाच्या महिला संघाच्या प्रशिक्षकवर्गाने न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोनने हेरगिरी केली. हा राष्ट्रीय संघ, क्लब नव्हे. पण शिक्षेची रीत पाहण्यासारखी आहे. फिफाने काही दिवसांतच, स्पर्धा चालू असतानाच, सहा गुण कापले, दोन लाख स्विस फ्रँकचा दंड केला आणि मुख्य प्रशिक्षक बेव्ह प्रीस्टमन यांच्यावर एक वर्षाची बंदी घातली. लवादाने अपील फेटाळले. खेळाडूंनी गटातले तिन्ही सामने जिंकले, नवातले तीन गुण हाती उरले आणि तेवढ्या गुणांवर त्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचल्या. तिथे जर्मनीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरल्या. शिक्षा जबर होती, तिचा भार निर्दोष खेळाडूंवरही पडला, पण ती त्याच स्पर्धेत झाली आणि फसवल्या गेलेल्यांच्या डोळ्यांसमोर झाली. शिवाय खेळून भरून काढण्याची वाट तिने मोकळी ठेवली. दोष नसलेल्या खेळाडूंना यापेक्षा न्याय्य वागणूक मला सुचत नाही.

कठोर शिक्षेने क्लब संपतो, असे दुसरे एक भय घातले जाते. इटलीत मे २००६ मध्ये पंचांच्या नेमणुकांत ढवळाढवळ केल्याचे प्रकरण टेलिफोन संभाषणांतून बाहेर आले आणि जुलैच्या मध्याला निकालही लागला. युव्हेंटससारख्या मातब्बर क्लबची दोन विजेतेपदे काढून घेतली गेली, त्याला दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले आणि तिथेही उणे गुणांनी सुरुवात करायला लावले; अपिलानंतर ती कपात नऊ गुणांवर आली. त्याच महिन्यात विश्वचषक उंचावलेले बुफाँ आणि देल पिएरो काही आठवड्यांनी दुसऱ्या श्रेणीच्या मैदानावर उतरले. इब्राहिमोविच, कानावारो, थुराम क्लब सोडून गेले. क्लब संपला का? वर्षभरात ती श्रेणी जिंकून तो वर आला आणि २०१२ पासून २०२० पर्यंत सलग नऊ वेळा इटलीचा विजेता ठरला. मोठा क्लब शिक्षेने मरत नाही. आपल्याकडे चेन्नई सुपर किंग्जचे उदाहरण तर ताजेच आहे : सट्टेबाजीच्या प्रकरणात लोढा समितीने दोन वर्षे निलंबित केलेला हा संघ २०१८ मध्ये परतला आणि त्याच वर्षी वानखेडेवर आयपीएलचा करंडक घेऊन गेला.

इथे माझ्याच बाजूची एक अडचण सांगितली पाहिजे. शिक्षेने युव्हेंटस मेला नाही, तसा सुधारलाही नाही. जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या फुगवलेल्या हिशेबांवरून त्याच क्लबचे पंधरा गुण कापले गेले. एप्रिलमध्ये ते परत मिळाले आणि मेमध्ये पुन्हा दहा गुण गेले. एका हंगामात तीनदा गुणतक्ता बदलला आणि त्या क्लबच्या मागेपुढे असलेल्या संघांना आपण नेमके कितव्या स्थानावर आहोत, हेच आठवडेच्या आठवडे कळेना. मागच्या शिक्षेची आठवण क्लबला सतरा वर्षेही पुरली नाही. म्हणून केवळ शिक्षेचा आकडा वाढवत नेल्याने फसवणूक थांबेल, हा भाबडेपणा माझ्यात नाही. चेझारे बेकारिया हा इटालियनच विचारवंत अठराव्या शतकात सांगून गेला, की गुन्हेगाराला आवर घालते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, तर ती टळणार नाही याची खात्री. त्याच्या देशातल्या क्लबांना हे अजून उमगायचे आहे.

त्या खात्रीच्या कसोटीवर इंग्लंडचा कारभार पाहावा. तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांच्या तोट्याची मर्यादा असताना १२ कोटी ४५ लाखांचा तोटा दाखवणाऱ्या एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले गेले. अपिलात ते सहा झाले, मग एप्रिलमध्ये दुसऱ्या हिशेबापोटी आणखी दोन गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. दुसरीकडे मँचेस्टर सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले. ते २००९-१० च्या हंगामापर्यंत मागे जातात आणि क्लबने ते सर्व नाकारले आहेत. तिथे सुनावणी सुरू व्हायलाच सप्टेंबर २०२४ उजाडले. आरोप खरे की खोटे, हे ठरवणे माझे काम नव्हे. खोटे असतील तर इतकी वर्षे टांगलेल्या तलवारीचा अन्याय सिटीवरही झाला. पण ज्याची चूक सरळ आणि ज्याचे वकील मोजके, त्याचा निकाल महिन्यांत आणि ज्याचा खजिना अथांग, त्याचा वर्षांत, असे चित्र दिसू लागले की शिक्षेचा दरारा उरत नाही. याच क्लबवर युरोपीय फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये आपल्या स्पर्धांतून दोन वर्षांची बंदी घातली होती. लवादाने ती रद्द केली, त्यात काही आरोप मुदतबाह्य ठरले हे एक कारण होते. मुदतबाह्य! दहा वर्षांपूर्वीच्या करंडकाची मुदत मात्र कधी संपत नाही. तो कपाटात तसाच असतो.

एव्हर्टनची चूक आणि वेस्ट हॅमची लबाडी एका मापाने मोजू नयेत, हेही इथेच नोंदवतो. उधळपट्टी करून हिशेब उघडपणे सादर करणारा क्लब आणि खोटा हिशेब सादर करणारा क्लब यांत नियम मोडणे आणि फसवणे एवढे अंतर आहे. कठोरता राखून ठेवायची ती दुसऱ्यासाठी.

आपल्याकडची खोड वेगळी आहे. इथे शिक्षा उशिरा होते असे नाही. ती गर्जना करून होते आणि मग हळूच मागे घेतली जाते. डिसेंबर २०१२ मध्ये कोलकात्याच्या डर्बी सामन्यात प्रेक्षागृहातून आलेल्या दगडाने आपला खेळाडू जखमी झाल्यावर मोहन बागानने मध्यंतरानंतर मैदानात उतरायला नकार दिला. महासंघाने दोन वर्षांची बंदी जाहीर केली. जानेवारी उलटायच्या आत ती उठली. दोन कोटी रुपये दंड आणि तोवरचे सगळे गुण शून्य, यावर भागले. (मला विचाराल तर ही दुसरी शिक्षाच योग्य होती, पण मग पहिली कशासाठी जाहीर केली?) मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूविरुद्धचा बाद फेरीतला सामना अर्ध्यावर सोडणाऱ्या केरळ ब्लास्टर्सला चार कोटी रुपयांचा दंड झाला. ही दोन्ही प्रकरणे लबाडीची नव्हती, रागाची होती. पण आपला महासंघ शिक्षेचा विचार कसा करतो, ते त्यांतून दिसते. २०२४-२५ च्या आय-लीगमध्ये अपात्र खेळाडू उतरवल्याचा वाद इतका लांबला, की विजेता कोण हे जुलै २०२५ मध्ये स्वित्झर्लंडच्या लवादाने ठरवले आणि चर्चिल ब्रदर्सऐवजी इंटर काशीला विजेतेपद मिळाले. ज्या खेळाडूंनी ते मिळवले, त्यांना मैदानावर नाचण्याचा दिवस मिळाला नाही.

माझे मत असे, की फसवणूक ज्या नाण्यात फळते त्याच नाण्यात शिक्षा वसूल झाली पाहिजे. फुटबॉल क्लबला फसवणुकीतून हवे असतात गुण, श्रेणी आणि करंडक. पैसा त्यांच्या मागोमाग येतो. म्हणून दंडाने काम भागणार नाही. गुण जावेत, शक्यतो त्याच हंगामात जावेत, विजेतेपद फसवणुकीने मिळाले असेल तर ते काढून घ्यावे, आणि सामना विकत घेतला असेल तर क्लब खालच्या श्रेणीत जावा. दंडाची रक्कम घ्यायचीच असेल तर ती संघटनेच्या तिजोरीत न जाता नुकसान झालेल्या क्लबला मिळावी, म्हणजे शेफील्डला दोन वर्षे लवादाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. आणि ज्या माणसाने सही केली, त्याने नंतर दुसऱ्या क्लबच्या खुर्चीत बसू नये.

आणखी एक गोष्ट या चर्चेत फारशी येत नाही. फसवणूक उघडकीस येते ती बहुधा आतल्याच कोणाच्या तोंडून. मे १९९३ मध्ये फ्रान्समधल्या मार्से क्लबच्या माणसांनी व्हालेन्सिएन क्लबच्या खेळाडूंना सामना सोडण्यासाठी पैसे देऊ केले. झाक ग्लासमान या खेळाडूने ते नाकारून वाच्यता केली, म्हणून पुढे एका सहकाऱ्याच्या नातलगाच्या बागेत पुरलेली अडीच लाख फ्रँकची रोकड सापडली. त्या सामन्यानंतर सहाच दिवसांनी मिळवलेला युरोपीय चषक मार्सेकडे राहिला; फ्रान्सचे विजेतेपद गेले आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला. ग्लासमानची मात्र फ्रान्सभरच्या मैदानांवर हुर्यो उडवली गेली. फिफाने १९९५ मध्ये त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला, हे त्या हुर्योवरचे तोकडे औषध होते. शिक्षा लेचीपेची असली की आतला माणूस बोलत नाही, कारण क्लब तसाच राहणार आणि आपले मात्र करिअर संपणार, हे त्याला दिसत असते.

लहानपणी आम्ही खेळताना कोणी लबाडी केली की सगळे एका सुरात ओरडायचे, "रडीचा डाव खडी!" म्हणजे तो डाव धरायचाच नाही. दंड नव्हता, चौकशी नव्हती, डाव पुन्हा सुरू व्हायचा. लबाडी करणाऱ्यालाही हे इतके ठाऊक असायचे, की तो फारसा वाद घालत नसे.

गेल्या वर्षीपासून आमच्या स्पर्धेच्या अर्जावर एक ओळ छापलेली असते : वयाचा दाखला खोटा निघाल्यास संघ बाद, झालेले सर्व सामने प्रतिस्पर्ध्याला. ती ओळ मीच घालायला लावली, आणि पहिल्याच वर्षी ती वापरण्याची वेळ आली. या वेळी संघ वेगळा होता, पण प्रशिक्षकांचा प्रश्न शब्दशः तोच होता : बाकीच्या पोरांनी काय केलंय? काही नाही, असे मी म्हणालो, आणि हातातल्या कागदावर सही केली. ती मुले जर्सी घालून सीमारेषेबाहेर बसून राहिली होती. थोड्या वेळाने त्यांच्यातला एक जण येऊन विचारू लागला, की शेजारच्या मोकळ्या जागेत आम्ही आपसात खेळलो तर चालेल का, काका. मी त्यांना आमच्याकडचा एक चेंडू दिला. त्यांच्या प्रशिक्षकांची आणि माझी अजून बोलाचाली नाही.